वाचक विचारतात : लाइट गेली तर हायड्रॉलिक पलंग उघडेल का?

या वेळी पत्रांमध्ये एकच शब्द फिरून फिरून आलाय, हायड्रॉलिक. पलंगवाले, ट्रॅक्टरवाले, आयटीआयची मुलं, सगळ्यांनाच तो अडलाय, म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय, बाकीच्या प्रश्नांना पुढच्या अंकात नक्की जागा देऊ. पत्रं लांब होती ती थोडी आखडून घेतलीत.

प्रश्न (रामबाग, इंदूरहून एक ताई) : आम्ही खाली सामान ठेवायची सोय असलेला पलंग घेतला. दुकानदार म्हणाला हायड्रॉलिक आहे, एका हाताने उघडतो. तेव्हापासून सासूबाईंना काळजी लागलीये की लाइट गेली तर आतली पांघरुणं काढायची कशी. मुलगा म्हणतो हायड्रॉलिकमध्ये तेल असतं, मग यात तेल भरायचं कुठून ते विचार. आणि सकाळी कचऱ्याची गाडी येते तिचा डबा उलटतो त्यालाही हायड्रॉलिकच म्हणतात. म्हणजे मशीनवर चालतं ते सगळं हायड्रॉलिक का?

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना निश्चिंत करा, लाइट असो नसो पलंग उघडणार, त्याचा विजेशी काही संबंधच नाही. आणि मुलाला सांगा तेल भरायची जागा शोधू नको, ती नाहीच, कारण तुमचा पलंग खरं बघितलं तर हायड्रॉलिक नाहीये.

हायड्रॉलिक हे विशेषण मशीनला जोर कोण देतं ते सांगतच नाही, सगळ्यांची गडबड इथेच होते. ते फक्त एवढंच सांगतं की मशीनच्या आत जोर इथून तिथे कशातून पोचवला, तर बंद नळीतल्या द्रवातून, आजकाल बहुतेक वेळा तेलातून. जोर लावणारं कुणीही असू शकतं. गॅरेजमधल्या बॉटल जॅकला मिस्तरीचा हात जोर देतो, न्हाव्याच्या खुर्चीला त्याचा पाय, जेसीबीला डिझेल इंजिन आणि कारखान्यातल्या प्रेसला विजेची मोटर, पण चारही हायड्रॉलिक. म्हणून नुसतं हायड्रॉलिक म्हटल्यावर लाइट लागेल की नाही ते कळत नाही, वेगळं विचारावंच लागतं.

यामागचा नियम ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात मांडला, शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो, की बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो. समजा एका बाजूला १ चौरस सेंटीमीटरचा दट्ट्या आहे आणि दुसऱ्या बाजूला १०० चौरस सेंटीमीटरचा, तर बारक्यावर १० किलोचा जोर दिला की मोठ्यावर १००० किलोचा मिळतो, छोटी कार उचलली जाईल एवढा. फुकट मात्र काही मिळत नाही, मोठा दट्ट्या १ सेंटीमीटर वर यायला बारक्याला एकूण १०० सेंटीमीटर खाली जावं लागतं, म्हणून तर जॅकचा दांडा माणूस खाली-वर खाली-वर करत राहतो आणि गाडी जराजराशी वर येते.

आता तुमचा पलंग. दोन्ही बाजूंना काळी नळकांडी आणि त्यातून निघणारा चकचकीत दांडा दिसत असेल, त्याला गॅस स्प्रिंग किंवा गॅस स्ट्रट म्हणतात. आत दाबून भरलेला नायट्रोजन असतो. थोडंसं तेल पण असतं, पण ते फळी धाडकन न उघडता हळू उघडावी आणि सील कोरडं पडू नये म्हणून, उचलायचा जोर सगळा गॅसचा. गाडीच्या डिकीला हेच असतं, आणि ऑफिसच्या ज्या खुर्चीला आपण हायड्रॉलिक खुर्ची म्हणतो तिच्या पोटातही गॅसच असतो. फर्निचरच्या बाजारात हे नाव इतकं रुळलंय की दुकानात तुम्हीही हायड्रॉलिक पलंगच म्हणा, सगळ्यांना कळतं, पण पार्ट बदलायची वेळ आली की गॅस स्प्रिंग मागा. त्यावर न्यूटनमध्ये एक आकडा छापलेला असतो, १००० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलोचा जोर. तोच आकडा बघून घ्या, आणि एक खराब झाली तरी दोन्ही एकदम बदला, नाहीतर पलंग एका बाजूने ओढला जातो. फोमची गादी काढून कापसाची जड गादी टाकली की उघडलेली फळी वर टिकत नाही अशी तक्रार पुष्कळ लोक करतात, त्यात स्प्रिंगचा दोष नसतो, तिची निवडच हलक्या गादीसाठी झालेली असते. लहान मुलं पलंगाच्या आत डोकावत असतील तर हे नीट लक्षात ठेवा, फळी हळूहळू खाली येतेय असं दिसलं की थांबू नका, बदलून टाका. आणि जुनी स्प्रिंग भंगारात देताना कुणाला ती कापू किंवा तापवू देऊ नका, आत खूप दाब असतो.

कचऱ्याची गाडी मात्र अस्सल हायड्रॉलिक. गाडीचं इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेल सिलिंडरमध्ये शिरलं की दांडा बाहेर येतो आणि डबा उलटतो. आपल्या इंदुरात तर पुढेही तेच काम चालू राहतं, छोट्या गाड्या ट्रान्स्फर स्टेशनवर रिकाम्या होतात, तिथे कॉम्पॅक्टर तो कचरा मोठ्या बंद डब्यात दाबून भरतो आणि हुकवाली मोठी गाडी अख्खा डबा अंगावर ओढून देवगुराडियाच्या कचरा डेपोला घेऊन जाते. डबा उलटवणं, कचरा दाबणं, हुकने ओढणं, तिन्ही कामं तेलाच्या दाबावर होतात. २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिल्यांदा पहिलं आलं तेव्हा सफाई कामगारांचं कौतुक झालं ते अगदी योग्यच होतं, पण या गाड्यांचे पंप आणि होज पाइप सांभाळणाऱ्या वर्कशॉपच्या मिस्तऱ्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथे घेतो.

प्रश्न (सुदामानगरहून एक निवृत्त शिक्षक) : हायड्रो म्हणजे पाणी असं आम्ही शिकवत आलो. मग यात तेल कुठून आलं? आणि ओंकारेश्वरच्या धरणावरची वीज हायड्रॉलिक म्हणायची का?

उत्तर : सर, तुम्ही बरोबरच शिकवलंत. ग्रीक भाषेत ह्युदोर म्हणजे पाणी आणि औलोस म्हणजे नळी किंवा पावा, आणि या जोडशब्दाने आधी ओळखलं गेलं ते एक वाद्य, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबियोसने बनवलेला पाण्याच्या दाबावर वाजणारा ऑर्गन. मशीनमध्येही सुरुवातीला खरंच पाणीच होतं. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं ते पाण्याचं. लंडनमध्ये तर १८८३ पासून एका कंपनीने रस्त्यांखाली नळ टाकून दाबाचं पाणी विकलं, आपल्याकडे लाइटचं कनेक्शन घेतात तसं तिथे लोक दाबाच्या पाण्याचं कनेक्शन घ्यायचे आणि त्यावर लिफ्ट, गोदीतल्या क्रेन, नाटकगृहांचे पडदे चालायचे, आणि हे १९७७ पर्यंत चाललं. १८९४ चा लंडनचा टॉवर ब्रिजसुद्धा वाफेच्या इंजिनाने पाण्यावर दाब देऊन उघडायचा, १९७० च्या दशकात तिथे तेल आणि विजेची मोटर आली.

पाण्याची अडचण अशी की त्याने लोखंड गंजतं, थंडीत ते गोठतं आणि घासणाऱ्या भागांना वंगण मिळत नाही. तेल ही तिन्ही कामं निभावून नेतं म्हणून विसाव्या शतकात तेलाने जागा घेतली, नाव मात्र पाण्याचंच राहिलं.

धरणाच्या विजेला हायड्रोइलेक्ट्रिक म्हणायचं. ओंकारेश्वरला ५२० मेगावॉट आणि इंदिरा सागरला १००० मेगावॉटची क्षमता आहे ती वाहत्या पाण्याने टर्बाइन फिरवून. पण इंग्रजीत त्या टर्बाइनला हायड्रॉलिक टर्बाइन म्हणतात आणि धरणं-कालवे यांच्या शास्त्राला हायड्रॉलिक इंजिनिअरिंग, तो शब्दाचा जुना पाण्याचा अर्थ अजून जिवंत आहे म्हणून. मुलांना सांगताना एवढं सांगितलं तरी पुरे की मशीनच्या नावाआधी हायड्रॉलिक आलं तर बहुतेक वेळा बंद नळीतल्या दाबाचा अर्थ घ्यायचा, आणि नदी-धरणाची गोष्ट चालू असेल तर पाण्याचा.

प्रश्न (पिथमपूरहून आयटीआयचा एक विद्यार्थी) : इंटरव्ह्यूमध्ये हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिकमधला फरक विचारला. मी सांगितलं एकात तेल, एकात हवा. साहेब म्हणाले ते ठीक आहे, पण कुठे काय आणि का ते सांग. मला आलं नाही. सिटी बसचा दरवाजा कशावर चालतो तेही विचारलं होतं.

उत्तर : बेटा, तुझं उत्तर अर्धं बरोबर होतं, उरलेलं अर्धं घरीच करून बघ म्हणजे आयुष्यभर विसरणार नाहीस. मेडिकलमधून बिनसुईच्या दोन सिरिंज आण आणि मधे पातळ प्लास्टिकची नळी लाव. आधी सगळ्यात पाणी भर, एक बुडबुडाही राहू देऊ नको, आणि एक दट्ट्या दाब, दुसरा त्याच क्षणी तेवढाच बाहेर येईल आणि बोटाने अडवलास तरी जुमानणार नाही. मग पाणी काढून नुसती हवा ठेव आणि तेच कर, आता दुसरा अडवून धरला तर पहिला थोडा आत जाईल आणि सोडला की परत उसळेल. हवा दबते, तेल जवळजवळ दबत नाही, बाकी सगळे फरक यातूनच निघतात.

जिथे खूप जोर हवा आणि जिथे थांबवलं तिथेच पक्कं थांबायला हवं तिथे तेल, म्हणून जेसीबीचा हात, प्लास्टिक मोल्डिंगचं मशीन, डंपरचा डबा. अशा मशीनमध्ये तेलाचा दाब २०० बारच्या वर सहज असतो, बार म्हणजे दाब मोजायचं माप, १ बार साधारण आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाएवढा. जिथे जोर कमी चालतो पण काम झटपट आणि स्वच्छ हवं, लाखो वेळा तीच हालचाल करायची आहे, तिथे हवा, म्हणून असेंब्ली लाइनवर नट आवळायच्या गन, औषधं आणि बिस्किटं पॅक करणारी मशीनं. कारखान्याच्या हवेच्या लाइनमध्ये साधारण ६-७ बार असतात, बघ किती फरक आहे. हवा वापरून झाली की बाहेर सोडून द्यायची, परतीची नळी लागत नाही, बसचा दरवाजा उघडताना तो फुस्स आवाज येतो ना तो याच सोडलेल्या हवेचा, म्हणजे दरवाजा न्यूमॅटिक. तेल असं सोडता येत नाही, त्याला टाकीपर्यंत परतीची लाइन द्यावी लागते, आणि गळलं तर फरशी घसरडी होते, बिस्किटाच्या कारखान्यात ते कोण चालवून घेईल?

आता ब्रेकचं उदाहरण पुढच्या इंटरव्ह्यूला घेऊन जा, पिथमपूरच्या कुठल्याही साहेबांना आवडेल. कारचे ब्रेक हायड्रॉलिक असतात, पाय दाबला की तेल तो जोर चारही चाकांना पोचवतं. ट्रक आणि मोठ्या बसला एअर ब्रेक असतात, आणि त्यात एक फार हुशार गोष्ट आहे, मागच्या चाकांच्या ब्रेकमध्ये एक जबर स्प्रिंग असते जी कायम ब्रेक लावायला बघते आणि हवेचा दाब तिला मागे धरून ठेवतो. हवा गळून गेली की स्प्रिंग सुटते आणि गाडी जागीच थांबते. म्हणून ट्रकवाला सकाळी इंजिन चालू करून प्रेशर बनेपर्यंत थांबतो. रेल्वेतही हाच विचार आहे, जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये एअर ब्रेकचं पेटंट घेतलं आणि नंतर त्यात अशी सुधारणा केली की डबे तुटून वेगळे झाले तर नळीतला दाब जाऊन ब्रेक आपोआप लागावेत.

आणि कारच्या ब्रेकमध्ये एअर धरली असं मिस्तरी म्हणतो तेव्हा काय झालेलं असतं ते तुझ्या सिरिंजमध्ये तू बघशीलच. तेलाच्या नळीत हवेचे बुडबुडे शिरले की पाय आधी त्या हवेला दाबण्यातच खर्च होतो, पेडल मऊ लागतं आणि ब्रेक उशिरा लागतो. ब्रेक ऑइल म्हणतात पण ते इंजिनच्या तेलासारखं तेल नसतं, हवेतला ओलावा शोषून घेणारा द्रव असतो, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलायचं आणि त्यात दुसरं कुठलंही तेल घालायचं नाही, रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतात. घरात कुणाची गाडी असेल तर हे जरूर सांग.

प्रश्न (सांवेरजवळून एक शेतकरी दादा) : मिस्तरी म्हणतो ट्रॅक्टरची हायड्रॉलिक बसली. पुतण्याने कंपनीला इंग्रजीत कळवलं की हायड्रॉलिक चालत नाही, तर तिकडून उलट प्रश्न आला, कुठलं? नीट कसं कळवायचं? आणि मला स्वतःला काय बघता येईल?

उत्तर : दादा, आपल्या बोलण्यात हायड्रॉलिक हे त्या वस्तूचंच नाव झालंय आणि मिस्तरीशी बोलताना तेच बरं. इंग्रजीत मात्र त्याच्यापुढे वस्तू लिहावी लागते, हायड्रॉलिक लिफ्ट, हायड्रॉलिक पंप, हायड्रॉलिक होज, हायड्रॉलिक स्टिअरिंग. तुमच्या ट्रॅक्टरवर ही सगळीच असू शकतात आणि ट्रॉली उलटवायचा जॅक आणखी वेगळा, म्हणून त्यांनी विचारलं. पुतण्याला एवढंच लिहायला सांगा की मागच्या लिफ्टचे हात नांगर उचलत नाहीत, का उचलून धरत नाहीत, का ट्रॉली वर जात नाही.

कारण लक्षणावरून पुष्कळ कळतं. नांगर उचलला जातो पण लिव्हर न हलवता हळूहळू खाली बसतो, तर तेल आतल्या आत कुठून तरी निसटतंय, सील किंवा वॉल्व्ह झिजलाय. मुळात उचलतच नाही तर आधी तेलाची पातळी बघा, मग गाळणी तुंबलीये का ते, पंपाचा नंबर त्यानंतर, पंप महाग असतो म्हणून आधीच त्याच्यावर जाऊ नका. झटके देत उचलतो आणि आवाज करतो तर पंपाच्या ओढणीच्या बाजूने हवा शिरतेय, कुठली तरी क्लिप किंवा नळी सैल असेल. तेल काढून बघा, दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. वर उचललेल्या ट्रॉलीखाली किंवा अवजाराखाली नुसत्या तेलाच्या भरवशावर कुणी शिरायचं नाही, खाली भक्कम टेकू लावल्याशिवाय नाहीच, एक होज फुटला की ते वजन थांबवणारं काही उरत नाही. आणि होजला बारीक भोक पडून तेल उडत असेल तर ते हाताने चाचपून शोधायचं नाही, इंजिन बंद करून दाब सोडून द्यायचा आणि मग बघायचं, चालू असताना बघायचंच झालं तर लांबून पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून सुई टोचल्याएवढा डाग दिसतो आणि दुखतही नाही फारसं, म्हणून माणूस कामाला लागतो आणि दुसऱ्या दिवशी हात सुजून काळा पडतो, बोट किंवा हात जायची वेळ येते. असं झालं तर हळद लावून बसायचं नाही, त्याच तासात मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की दाबाचं तेल आत गेलंय. शेतात काम करणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही, तुम्ही सांगा.

प्रश्न (साउथ तुकोगंजहून एक आजोबा) : जुनं दुमजली घर आहे, हिच्या गुडघ्यांमुळे लिफ्ट बसवायचीये. एक जण हायड्रॉलिक घ्या म्हणतो, एक जण दोरावरची, तिसरा म्हणाला हवेवरची. लाइट गेल्यावर कुठली बरी?

उत्तर : आजोबा, हायड्रॉलिक लिफ्टला वर जाताना वीज लागते कारण मोटर पंप फिरवून तेल सिलिंडरमध्ये ढकलते, खाली येताना मात्र लिफ्ट स्वतःच्या वजनानेच येते, वॉल्व्हने तेल हळूहळू परत सोडायचं असतं. त्यामुळे लाइट गेली तरी छोट्या बॅटरीवर किंवा हाताने वॉल्व्ह उघडून खाली उतरवता येतं, ही तिची मोठी सोय. दोन-तीन मजल्यांना ती छान, चाल थोडी संथ असते, पण आजींना संथच बरी. दोरावरच्या लिफ्टला दुसऱ्या बाजूला तोलाचं वजन असतं म्हणून वर जाताना वीज कमी लागते, उंच इमारतीत म्हणूनच ती वापरतात. तिसरी म्हणजे पारदर्शक नळीसारखी दिसते ती, वरून हवा ओढून घेतली की खालच्या हवेचा दाब तिला वर ढकलतो, ती खरी न्यूमॅटिक. खड्डा जवळजवळ लागत नाही पण आत जागा कमी, व्हीलचेअरची गरज पडू शकत असेल तर आत्ताच माप घेऊन बघा. कुठलीही घ्या, पण करार करायच्या आधी विक्रेत्याला मेन स्विच बंद करून लिफ्ट खाली आणून दाखवायला सांगा, दाखवायला टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे जा.

प्रश्न (राजेंद्रनगरहून एक वहिनी) : टाकीची भिंत झिरपते, प्लंबरने चिठ्ठीवर हायड्रॉलिक सिमेंट लिहून दिलंय. हे मशीनने लावतात का?

उत्तर : नाही वहिनी, हाताने किंवा थापीने. इथे पाण्यातही घट्ट होणारं सिमेंट एवढाच अर्थ आहे, तसं तर घर बांधायचं साधं सिमेंटही त्याच जातीचं, पण तुमच्या चिठ्ठीतलं लवकर आवळणारं असतं, काही मिनिटांत. म्हणून थोडं थोडंच कालवायचं, भेगेतला सुटा भाग आधी खरवडून काढायचा, आणि टाकी पिण्याच्या पाण्याची असेल तर पाकिटावर तसं लिहिलंय ना ते बघूनच घ्यायचं.